बाटलीवर २०, पडद्यावर ५२ : एएफएमखाली सोन्याचे नॅनोकण बघताना

‘मॅडम, बाटलीवर २० लिहिलंय आणि मला ५२ मिळतायत. माल खोटा आहे का हो?’

कल्याणहून सकाळची लोकल पकडून आलेली एमएस्सीची मुलगी विचारत होती. आदल्या दिवशी तिने आमच्या मशीनवर सोन्याचे कण स्कॅन केले होते, प्रत्येक कणावर आडवी रेघ मारून रुंदी मोजली होती आणि रात्री बसून सरासरीही काढली होती. ५२ नॅनोमीटर. मी तिला म्हटलं, ‘अगं, माल ठीक आहे. तू चुकीच्या बाजूने मोजलंस.’

आमचं मशीन म्हणजे एएफएम, अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप : सुईसारखी बारीक टिप पृष्ठभागावरून फिरवून त्याचे चढउतार नोंदणारं यंत्र. त्यावर बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली चूक हीच असते, म्हणून आधी ती निस्तरते आणि मग कामाला लागू.

डोळे मिटून ताटातल्या एका साबुदाण्यावरून अंगठा फिरवून बघा. अंगठ्याचा मध्य दाण्यापर्यंत पोचायच्या बराच आधी अंगठा वर चढायला लागतो, आणि दाणा मागे पडल्यावरही काही वेळ उतरतच असतो. त्यामुळे दाणा आहे त्यापेक्षा रुंद ‘वाटतो’. पण अंगठा किती वर उचलला गेला, ते मात्र दाण्याच्या उंचीइतकंच. एएफएमची टिप म्हणजे हा अंगठा. सपाट जागेवर बसलेला गोल कण आणि गोल टोकाची टिप धरली, तर दिसणारी रुंदी येते ४ गुणिले, दोन्ही त्रिज्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. कणाची त्रिज्या १० आणि नव्या कोऱ्या टिपची ८ धरली तरी रुंदी भरते ३६. उंची मात्र २० च राहते. म्हणून इथे गोल कणाचं माप म्हणजे त्याची उंची. रुंदीचा आकडा कणाचा व्यास म्हणून कुठेही लिहायचा नाही.

तरी वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळतील अशी आशा ठेवू नका. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापाच्या सरकारी संस्थेने प्रमाण म्हणून काढलेल्या १० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांना त्यांच्याच कागदावर एएफएमची उंची ८.५, टीईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) व्यास ८.९ आणि डीएलएसचा (द्रावणात विखुरलेल्या प्रकाशावरून माप काढणाऱ्या यंत्राचा) १३.५ दिलेला आहे. सगळे आकडे एकाच मालाचे. डीएलएस कणाबरोबर फिरणारं पाण्याचं आणि रेणूंचं आवरणही मोजतं, त्यामुळे ते नेहमी थोडं फुगवून सांगतं. गाइडने ‘डीएलएसशी का जुळत नाही’ असं विचारलं तर घाबरू नका, पूर्ण जुळलं असतं तरच मला शंका आली असती.

आधी बाटलीकडे बघा

सिट्रेटने (कणांना वेढून सुटं ठेवणाऱ्या मिठाने) बनवलेलं २० नॅनोमीटरचं सोनं पातळ कोकम सरबताच्या रंगाचं दिसतं. रंग जांभळ्याकडे झुकला असेल, तर कणांचे गुच्छ झालेत असं समजा आणि मशीनची वेळ वाया घालवू नका. यूव्ही-व्हिजिबलवर, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास यायला हवं आणि ६०० च्या पुढे खांदा उठलेला नसावा. चांदीचं द्रावण पिवळसर असतं, त्याचं शिखर ४०० च्या आसपास. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, म्हणून ती सॅम्पल केल्याच्या दिवशीच बघायची. सोन्याला ती घाई नाही.

बाटली फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. एकदा गोठली की कण गुच्छ होऊन तळाला बसतात आणि परत सुटे होत नाहीत. जुलैत फ्रीजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, झाकणावर जमलेलं दव थेट द्रावणात जातं.

आता पातळ किती करायचं? अंदाजपंचे दाहोदरसे नको, साधं गणित आहे. २० नॅनोमीटरच्या सोन्याच्या द्रावणाचं यूव्ही-व्हिजिबलच्या शिखरावरचं शोषण १ असेल, तर एका मिलिलिटरमध्ये साधारण ७ वर ११ शून्यं इतके कण असतात. अभ्रकाच्या दहा मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर २० मायक्रोलिटर पसरलं आणि सगळेच्या सगळे कण खाली बसले, तर प्रत्येक चौरस मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) १८० कण होतात. म्हणजे विरारची लोकल. आपल्याला हवेत पाच ते दहा, तेही एकमेकांपासून सुटे. २० पट पातळ केलं की गणित ९ वर येतं. प्रत्यक्षात दहा मिनिटांत निम्मेच कण तळापर्यंत पोचतात, म्हणून मी १० पट आणि २० पट अशी दोन सॅम्पलं करून ठेवते. पातळ करायला मिलीक्यू, म्हणजे लॅबचं अतिशुद्ध पाणीच. नळाचं पाणी किंवा बफर घातलं की मीठ कणांवरचा विद्युतभार झाकून टाकतं आणि सरबत डोळ्यांदेखत जांभळं होतं. पातळ केलेलं द्रावण त्याच दिवशी वापरून टाका.

अभ्रक सोलणं

जुन्या इस्त्रीच्या कॉइलमध्ये असायचा तोच हा अभ्रक, लॅबच्या भाषेत मायका. सोलला की हाती येणारा पृष्ठभाग मैलभर समुद्रासारखा सपाट असतो, अणूच्या पातळीवर सपाट. २० नॅनोमीटरच्या कणाला काच चालत नाही, काचेचे स्वतःचेच उंचवटे मधे येतात. सिलिकॉन वेफर चालतो, पण धुण्याची कटकट आहे. मायका स्वस्त आहे आणि सोलला की आपोआप स्वच्छ.

मायकाची चकती स्टीलच्या पकवर (मशीनमध्ये बसणाऱ्या गोल तबकडीवर) चिकटवताना डबल-साइडेड टेप टाळा. टेपचा गोंद तासन्‌तास हळूहळू दबत राहतो आणि तुमचा स्कॅन तिरका सरकत जातो. थेंबभर सुपरग्लू किंवा चांदीचा पेस्ट लावून रात्रभर वाळवलेला बरा.

मग सेलोटेपचा तुकडा चकतीवर ठेवून बोटाने मधून कडेकडे दाबायचा, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि एका कडेने सावकाश, न थांबता ओढायचा. आता टेप उजेडासमोर धरा. त्यावर पूर्ण गोल, चकाकणारी पापडी दिसली पाहिजे. चंद्रकोर दिसली तर थर मधेच फाटला, परत सोला. मला सहसा तीन वेळा लागतं. एका विद्यार्थ्याने एकदा पापडी फेकून चकती ठेवायच्या ऐवजी चकतीच टेपसकट कचऱ्यात टाकली होती आणि रिकाम्या पकवर अर्धा तास थेंब टाकत बसला होता. हसू नका, सकाळी सातला मीही ते केलेलं आहे.

पाण्यात मायकाच्या पृष्ठभागावर ऋण भार येतो. सिट्रेटने वेढलेल्या सोन्यावरही ऋणच. दोघं एकमेकांना जवळ करत नाहीत. त्यामुळे नुसत्या मायकावर थेंब टाकून धुतला तर सगळे कण वाहून जातात. न धुता वाळवला तर चहाच्या कपाखाली उमटतं तसं कडेला कडं तयार होतं, कण त्या कड्यात कोंबले जातात आणि मधे उरतात ते सिट्रेटचे स्फटिक. हे स्फटिक एएफएममध्ये हुबेहूब नॅनोकणांसारखे दिसतात. त्यांच्या फोटोंवर प्रबंधाची प्रकरणं लिहिली गेली असतील, याबद्दल मला फारशी शंका नाही.

म्हणून मधे धन भाराचा दुवा लागतो. पॉली-एल-लायसिनचं ०.०१ टक्के द्रावण घ्या, म्हणजे १०० मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. ताज्या सोललेल्या मायकावर २० ते ३० मायक्रोलिटर टाका, पाच मिनिटं ठेवा, मिलीक्यूने तीन-चारदा धुवा, पक तिरका धरून पाणी ओघळू द्या आणि नायट्रोजनच्या हलक्या झोताने वाळवा. झोत वरून सरळ मारायचा नाही, कडेने मारून पाणी ढकलत न्यायचं. मग त्यावर पातळ केलेलं सोनं २० मायक्रोलिटर. वर पेट्री डिशचं झाकण, आत ओल्या टिश्यूचा बोळा, नाहीतर एसीच्या हवेत थेंब कडेने सुकतो आणि परत तेच कडं. दहा मिनिटांनी पुन्हा धुणं, पुन्हा वाळवणं.

आणि आता ज्याचा सगळ्यांना कंटाळा, ते. कोरं सॅम्पल. तोच मायका, तेच लायसिन, तेवढंच धुणं, पण सोन्याच्या जागी तेवढ्याच प्रमाणात सिट्रेट घातलेलं पाणी. आधी हे स्कॅन करा. पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.३ नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याखाली असायला हवा आणि ठिपके जवळजवळ नसावेत. कोऱ्यावरच ८ नॅनोमीटरचे गोळे दिसले, तर दोष पाण्यात, लायसिनमध्ये किंवा धुण्यात आहे. तो शोधल्याशिवाय सोन्याच्या सॅम्पलला हात लावायचा नाही. कोरं न आणणाऱ्यांना मी परत पाठवते, मग ते कितीही लांबून आलेले असोत. त्या मुलीने कोरं आणलं होतं, म्हणून तर तिची बाजू घ्यावीशी वाटली.

टिप आणि टॅपिंग

१९८६ साली बिनिंग, क्वेट आणि गर्बर यांनी पहिला एएफएम केला, तेव्हा सोन्याच्या पातळ पत्र्याला हिऱ्याची कणी चिकटवलेली होती. झवेरी बाजारात शोभली असती. आता सिलिकॉनचे कँटिलिव्हर, म्हणजे टोकाला टिप असलेल्या लवचिक पट्ट्या, तयार मिळतात. हवेत टॅपिंगसाठी, म्हणजे टिप कंपवत पृष्ठभागाला हलकेच टेकवत नेण्यासाठी, साधारण ३०० किलोहर्ट्झचा आणि मीटरला ४० न्यूटन ताठपणाचा कँटिलिव्हर घ्या. मऊ घेऊन कण जपता येतील असं वाटतं, पण मुंबईच्या हवेत प्रत्येक पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो आणि मऊ कँटिलिव्हर त्यात चिकटून बसतो. ताठ असला की सुटतो.

सॅम्पल बसवल्यावर फोकस करताना सांभाळा. मायका पारदर्शक आहे. कॅमेऱ्यात छान स्पष्ट दिसणाऱ्या रेघा बहुतेकदा खालच्या स्टीलच्या असतात. तो पृष्ठभाग समजून टिप खाली सोडली की ती वाटेतच मायकावर आपटते. यावर माझा उपाय म्हणजे सोललेल्या बाजूला अगदी कडेला मार्करचा बारीक ठिपका द्यायचा आणि फोकस त्याच्यावर करायचा. ठिपका थेंबापासून लांब ठेवा, शाई पाण्यात उतरली तर ती पण कणांसारखीच दिसते.

ट्यून करून हवेतला मुक्त आयाम, म्हणजे पृष्ठभागाला न टेकता टिप किती झुलते ते, २० ते ३० नॅनोमीटर ठेवा. सेटपॉइंट, म्हणजे स्कॅन करताना मशीनने टिकवायचा आयाम, त्याच्या ८० ते ८५ टक्क्यांपासून सुरू करा. सेटपॉइंट जितका खाली, तितका टिपचा मार जोरात. उतरल्यावर लगेच मोठा स्कॅन लावायची घाई करू नका. आधी स्कॅनचा आकार शून्य करा आणि टिप एका जागी उभी ठेवून उंचीची रेघ बघा. ती ०.१ नॅनोमीटरपेक्षा जास्त थरथरत असेल, तर खोलीत कुणीतरी आहे.

मुंबईत खोलीत नेहमीच कुणीतरी असतं. आमची इमारत रेल्वे रुळांपासून लांब नाही. पलीकडच्या प्लॉटवर पुनर्विकासाचं पायलिंग सुरू झालं, तेव्हा तीन महिने आम्ही शेवटची लोकल गेल्यावर स्कॅन करत होतो. टेबलाखालच्या एअर-स्प्रिंग बऱ्याच गोष्टी गिळतात, पण सगळ्या नाही. प्रतिमेत नियमित लाटा दिसल्या तर मोजा. स्कॅनचा वेग १ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक जाणं-येणं असेल, तर जाणारी रेघ अर्ध्या सेकंदात होते. त्या रेघेत २५ लाटा भरल्या म्हणजे ५० हर्ट्झ, म्हणजे घराची वीज. अर्थिंग बघा, मोबाइलचा चार्जर काढा. लाटांची संख्या काही अशी ठरावीक निघत नसेल, तर एसीचा झोत, बाजूचा पंप किंवा जिन्यातून उतरणारे लोक. एसी बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा बघणं हा सगळ्यात स्वस्त प्रयोग.

पावसाळ्यात खोलीत डीह्युमिडिफायर लागतोच. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आली की काम सुरू करायचं. जुलैत त्याची बादली मी दिवसातून दोनदा ओतते. तयार सॅम्पल डेसिकेटरमध्ये ठेवा आणि आतलं सिलिका जेल निळं आहे ना ते बघा. गुलाबी झालं की त्याचा उपयोग संपला, ओव्हनमध्ये भाजून परत निळं करा.

आता पहिला स्कॅन ५ मायक्रॉनचा, कण आहेत का आणि कसे पसरलेत एवढंच बघायला. ५१२ बिंदूंत ५ मायक्रॉन म्हणजे बिंदूमागे जवळपास १० नॅनोमीटर. २० नॅनोमीटरचा कण इथे चार बिंदूंचा ठिपका असतो आणि त्याचा माथा दोन बिंदूंच्या मधे निसटू शकतो. इथे उंची मोजली तर ती कमीच भरणार. मोजण्यासाठी १ मायक्रॉनवर या, तिथे बिंदूमागे २ नॅनोमीटर. वेग १ हर्ट्झ किंवा कमी. ५१२ रेघांचं एक चित्र साडेआठ मिनिटांचं. तेवढ्यात चहा होतो, पण कॅन्टीनला जाऊ नका, पहिल्या पन्नास रेघा बघत बसा.

काय बघायचं? जाणारी आणि येणारी रेघ एकमेकींवर बसतायत का ते. कणाच्या एका बाजूला धूमकेतूसारखं शेपूट असेल, तर टिप कणावरून उतरताना हवेत तरंगतेय. गेन (मशीन टिपची उंची किती चटकन सावरतं ते) थोडा वाढवा किंवा वेग कमी करा. गेन फार झाला तर कणांच्या कडांवर बारीक दाते उमटतात, मग थोडा मागे या. कण अर्धा दिसून मधेच कापल्यासारखा गायब झाला, तर टिपने तो ढकलला. सेटपॉइंट वाढवा, तरीही कण पळत असतील तर दोष लायसिनच्या पायरीत आहे. सगळेच्या सगळे कण एकाच बाजूला झुकलेले, सारखेच त्रिकोणी, किंवा प्रत्येकाला शेजारी जुळा भाऊ असेल, तर ते कण नाहीत, तुमच्या तुटलेल्या टिपचा फोटो आहे. सॅम्पल ९० अंशांनी फिरवून बघा. कणांची दिशा सॅम्पलबरोबर फिरली नाही, तर टिप बदला.

आणखी एक, जरा आतलं. फेजच्या चित्रात (टिपच्या कंपनाचा ताल किती मागे-पुढे होतो ते दाखवणाऱ्या) अचानक पट्टे उमटले आणि त्याच रेघांवर उंचीही थोडी उडी मारत असेल, तर टिप कधी पृष्ठभागाच्या ओढीत, कधी थेट धडकेत अशी दोन पद्धतींत हेलकावतेय. सेटपॉइंट किंवा आयाम थोडा हलवून एका बाजूला स्थिर करा, नाहीतर त्या चित्रातल्या उंचीवर विश्वास ठेवू नका.

आकडे काढताना

ग्विडियन हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. चित्र उघडलं की लोक लगेच सपाटीकरणाचं बटण दाबतात आणि इथेच दुसरी मोठी चूक होते. सॉफ्टवेअर प्रत्येक रेघेची सरासरी शून्यावर आणतं. ज्या रेघेत कण जास्त, तिची सरासरी वर, म्हणून ती रेघ खाली ओढली जाते. कणाच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात ते याचे. खड्डे नसतात ते. आधी हलकं सपाट करा, मग उंचीचा उंबरठा लावून कणांवर मास्क चढवा, म्हणजे ते झाकून हिशोबाबाहेर ठेवा, आणि मास्क वगळून पुन्हा सपाट करा. काळे पट्टे गेले की प्रत्येक कणाची सर्वात मोठी उंची त्याच्या आसपासच्या मायकापासून मोजा.

चिकटलेल्या जोड्या वगळा, चौकटीच्या कडेला कापलेले वगळा. किमान दोनशे कण मोजा, तेही एकाच कोपऱ्यातले नको, तीन-चार जागांवरचे. लिहिताना सरासरी, प्रमाण विचलन आणि कणांची संख्या तिन्ही द्या. मशीनची उभी मोजपट्टी खरी आहे का ते २० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रमाणित पायरीवर तपासा. ती नसेल तर सोललेल्या मायकावरच्या पायऱ्या शोधा, त्या साधारण १ नॅनोमीटरच्या पटीत येतात.

कल्याणच्या मुलीने जुनीच चित्रं घेऊन दुपारभर हे सगळं केलं. २१२ कण, सरासरी उंची १९.३, विचलन १.८. चेहरा उजळला. मग विचारते, ‘आणि ५२ चं काय करू, खोडून टाकू?’

खोडायचं कशाला? कणाची त्रिज्या आता माहीत आहे, तर सूत्र उलटं फिरवायचं. रुंदीचा वर्ग, भागिले १६ गुणिले कणाची त्रिज्या. त्रिज्या १० धरून तिने मोबाइलवर हिशोब केला : १६.९. आदल्या दिवशी तिने वापरलेल्या टिपचं टोक नव्यापेक्षा दुपटीने बोथट होतं. टिपच्या डबीत त्या खाचेशेजारी तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं, ‘त्रिज्या १७, फक्त मोठ्या स्कॅनला’. डबी बंद केली आणि विचारलं, नव्या टिपसाठी उद्याचा स्लॉट मिळेल का.